पॅलिसरचा त्रिकोण : एका प्रदेशाच्या पर्जन्याविषयी दोन साक्षी

कॅनडाच्या दक्षिण सरहद्दीवरील ४९ वा अक्षांश हा पाया धरावा, पश्चिम रेखांश १०० पासून ११४ पर्यंत त्याची लांबी घ्यावी, आणि शिरोबिंदू उत्तरेस ५२ व्या अक्षांशावर ठेवावा. अशा रीतीने जी आकृती सिद्ध होते तीस 'पॅलिसरचा त्रिकोण' असे नाव आहे. आजच्या सस्कॅचेवान व आल्बर्टा या प्रांतांचा दक्षिण भाग आणि मॅनिटोबाचा नैर्ऋत्य कोपरा त्यात येतो. वृक्षहीन, सपाट, गवताने आच्छादिलेला हा प्रेअरीचा मुलूख पुढे जगातील गव्हाच्या मोठ्या कोठारांपैकी एक ठरला. याच मुलुखाविषयी पंचवीस वर्षांच्या आत दोन जाणत्या निरीक्षकांनी परस्परविरुद्ध साक्ष दिली. एकाने तो शेतीस अयोग्य ठरविला. दुसऱ्याने तेथे गव्हाचे अमाप पीक येईल असे सांगितले. दोघांच्याही प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. किंबहुना दोघांनीही जे पाहिले ते बरोबरच पाहिले, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ज्यांनी या साक्षींवरून लाखो माणसांच्या वसाहतीचा निर्णय घेतला, त्यांनी चार वर्षांच्या हवेला त्या भूमीचे कायमचे हवामान मानले. त्याची किंमत कोणी व कशी दिली, आणि त्या दोन साक्षींचा मेळ अखेर कोठे बसला, हे पाहण्याचा येथे हेतू आहे.

कॅप्टन जॉन पॅलिसर हा आयरिश जमीनदार घराण्यातील, शिकारीचा शौकीन गृहस्थ. लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीच्या पुरस्काराने व ब्रिटिश सरकारच्या खर्चाने त्याने १८५७ ते १८६० या काळात या प्रदेशाचे संशोधन केले. त्याच्यासमवेत भूगर्भशास्त्रज्ञ व वैद्य जेम्स हेक्टर, वनस्पतिशास्त्रज्ञ यूजेन बूर्गो, भूचुंबकीय वेध घेणारा थॉमस ब्लॅकिस्टन आणि खगोलवेध घेणारा जॉन सलिव्हन अशी तज्ज्ञ मंडळी होती. उत्तरेस, सस्कॅचेवान नदीच्या उत्तर शाखेच्या आसपास, त्यांना झाडोरा, तळी आणि काळी माती आढळली. त्या भागास पॅलिसरने 'सुपीक पट्टा' म्हटले. दक्षिणेस मात्र गवत आखूड, जमीन रेताड व ठिकठिकाणी क्षारयुक्त, आणि पाण्याची वाण. हा भाग अमेरिकेतील रुक्ष मैदानाचाच उत्तरेकडे घुसलेला फाटा आहे व तेथे शेतकऱ्यांनी वस्ती करू नये, असा त्याचा निष्कर्ष होता.

हा निष्कर्ष त्या भूमीच्या रचनेशी विसंगत नव्हता. पॅसिफिक महासागरावरून येणारे पश्चिमी वारे आपले बहुतेक बाष्प किनाऱ्याच्या डोंगरांवर आणि रॉकी पर्वतावर टाकून येतात. पलीकडे उतरताना ती हवा दाबली जाऊन तापते आणि कोरडी होते. हिवाळ्यात हाच वारा चिनूक या नावाने आल्बर्टाच्या पायथ्याशी उतरतो, आणि काही तासांत हिमाचा थर नाहीसा करतो. दक्षिणेस मेक्सिकोचे आखात बाष्पाने समृद्ध खरे, परंतु तेथील दमट हवा इतक्या दूरवर क्वचितच पोहोचते. जून महिन्यात ती आली आणि वरच्या थरातील आवर्ताशी तिची गाठ पडली तर चांगला पाऊस होतो. उत्तरेस ध्रुवप्रदेशापर्यंत आपल्या हिमालयासारखा पूर्व-पश्चिम पसरलेला अडसर नाही, त्यामुळे हिवाळ्यात बर्फाळ हवेचा लोंढा थेट मैदानात उतरतो. मेडिसिन हॅट या त्रिकोणातील नगरीचे वार्षिक पर्जन्यमान सरासरी सुमारे ३२५ मिलिमीटर, म्हणजे तेरा इंचांच्या आसपास आहे. आपल्या माणदेशातही याहून अधिक पाऊस पडतो. तेथील उन्हाळा सौम्य व बाष्पीभवन कमी, म्हणून एवढ्यावर गहू येतो. पण त्यासाठी जूनचा पाऊस साधला पाहिजे. वातावरणाच्या वरच्या थरात मैदानावर उच्च दाबाची कमान ठाण मांडून बसली, की आवर्तांचा मार्ग उत्तरेकडे सरकतो आणि जून कोरडा जातो. शेतकऱ्याचे सारे वर्ष या पाच-सहा आठवड्यांवर तोललेले असते. मृग चुकल्यावर आपल्याकडील कोरडवाहू शेतकऱ्याची जी अवस्था होते, तिच्याशी हे ताडून पाहण्याजोगे आहे.

पॅलिसरचा अहवाल १८६३ साली प्रसिद्ध झाला. १८७० साली हडसन्स बे कंपनीचा हा अफाट मुलूख नव्या कॅनडा राष्ट्राकडे आला, आणि १८७२ च्या जमीन कायद्याने दहा डॉलर शुल्क भरून १६० एकर जमीन वसाहतवाल्यास देण्याची सोय झाली. तीन वर्षे वस्ती करून जमीन लागवडीस आणली की ती त्याच्या मालकीची. कायदा तयार होता, पण तेथे लोक कसे न्यावेत हा प्रश्न होता. त्यासाठी महासागरापासून महासागरापर्यंत रेल्वे हवी होती, आणि मुख्य अभियंता सँडफर्ड फ्लेमिंग याने तिचा मार्ग सुपीक पट्ट्यातून आखला होता.

येथे दुसरा साक्षीदार प्रवेश करतो. जॉन मॅकून हाही जन्माने आयरिश; ऑन्टारियोतील बेलव्हिल येथे अध्यापन करणारा, स्वतःच्या बळावर वनस्पतिशास्त्र शिकलेला. १८७२ साली फ्लेमिंगबरोबर तो पश्चिमेस गेला, आणि १८७९ ते १८८१ या वर्षांत सरकारच्या वतीने त्याने दक्षिणेकडील मैदानाची पाहणी केली. पॅलिसरला जेथे उजाड माळ दिसला होता तेथे त्याला वाढलेले गवत आणि ओलसर माती दिसली. त्याचे म्हणणे असे, की जमिनीचा वरचा थर घट्ट असल्यामुळे पाणी मुरत नाही व म्हणून ती रुक्ष वाटते. नांगराने तो थर एकदा फोडला की तीच जमीन पिकेल. 'मॅनिटोबा अँड द ग्रेट नॉर्थ-वेस्ट' हा त्याचा ग्रंथ १८८२ साली निघाला. त्याच सुमारास नेब्रास्कात चार्ल्स डेना विल्बर याने नांगरामागे पाऊस चालत येतो, असे सूत्र मांडले होते. मॅकून त्या थराला गेला नव्हता; परंतु काळाची हवाच अशी आशावादी होती.

मॅकूनने पाहिलेली वर्षे पावसाची होती, हे आता सर्वमान्य आहे. आणखी एका गोष्टीकडे मात्र पुरेसे लक्ष दिले जात नाही. पॅलिसरच्या वेळी त्या मैदानावर बायसन नावाच्या रानगव्यांचे प्रचंड कळप चरत होते. १८७९ च्या सुमारास कॅनडाच्या मैदानातून ते जवळजवळ नामशेष झाले, आणि त्यांवर जगणाऱ्या ब्लॅकफूट, क्री आदी मूळच्या लोकांवर उपासमारीची पाळी आली. म्हणजे मॅकूनला जे उंच गवत दिसले त्यास पावसाबरोबरच चरणारे तोंड नाहीसे झाल्याचेही कारण असावे. एका समाजाच्या सर्वनाशाची खूण दुसऱ्यास सुबत्तेची खूण वाटली, असे म्हणावे लागते. आकाशाची ही लहर पिढ्यान्‌पिढ्या अनुभवलेल्या त्या लोकांना सरकारने हवामानाविषयी काही विचारल्याचे या दोन्ही अहवालांच्या इतिहासात दिसत नाही.

१८८१ साली कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेच्या चालकांनी मार्ग बदलून तो दक्षिणेस, त्रिकोणातून नेण्याचे ठरविले. या निर्णयास मॅकूनची साक्ष हे एकमेव कारण नव्हते. मार्ग जवळचा होता, आणि अमेरिकन रेल्वेकंपन्यांना सरहद्दीवर शिरकाव मिळू नये हाही हेतू होता. परंतु जमीन नापीक नाही असा शास्त्रज्ञाचा निर्वाळा हाताशी असल्याने निर्णय सोपा झाला. यात नियतीचा विनोद असा, की रॉकी पर्वत ओलांडण्यास ही रेल्वे ज्या किकिंग हॉर्स खिंडीतून गेली ती खिंड १८५८ साली पॅलिसरच्याच सहकाऱ्याने, हेक्टरने, शोधून काढली होती. रेल्वेमार्ग ७ नोव्हेंबर १८८५ रोजी पुरा झाला.

रेल्वेबरोबर तारायंत्र आले आणि तारायंत्राबरोबर पद्धतशीर वेध. कॅनडाची हवामानसंस्था १८७१ साली टोरांटो येथे जॉर्ज किंग्स्टन याच्या नेतृत्वाखाली स्थापन झाली होती. पण तिचे लक्ष मुख्यतः महासरोवरांवर आणि अटलांटिक किनाऱ्यावरील जहाजांकडे होते. मेडिसिन हॅटच्या नोंदी १८८३ पासून सुरू होतात, म्हणजे रेल्वेचे रूळ तेथे पोहोचले त्याच वर्षापासून. हा तपशील महत्त्वाचा आहे. वसाहतीचा लोंढा सुरू झाला तेव्हा त्रिकोणाच्या पर्जन्याची सलग मोजदाद जेमतेम वीस वर्षांची होती, आणि त्याआधीच्या काळाविषयी दोन प्रवाशांच्या साक्षींशिवाय कागदोपत्री फारसे काही नव्हते. दैनंदिन अंदाजापुरता या वेधांचा उपयोग मोठा होता. पश्चिमेकडून येणारी थंडीची लाट पूर्वेकडील नगरांना एक-दोन दिवस आधी कळू लागली. अमेरिकन वृत्तपत्रांच्या हवापत्रकात मेडिसिन हॅटचे नाव थंडीच्या संदर्भात इतके वारंवार येई, की ही बदनामी टाळण्यासाठी गावाचे नाव बदलावे असा विचार तेथील काही नागरिकांनी १९१० च्या सुमारास मांडला. मुंबईत जन्मलेल्या रडयार्ड किपलिंगने पत्र पाठवून त्यास कडाडून विरोध केला, आणि नाव टिकले. उद्याची थंडी सांगता येई. पुढचा जून कसा जाईल हे मात्र कोणालाच सांगता येत नव्हते, आणि शेतकऱ्याला नेमके तेच हवे होते.

अंदाजाच्या अभावी शेतकऱ्याने आणि शेतीसंशोधकाने आपापल्या परीने उपाय शोधले. इंडियन हेड येथील अँगस मॅके याचा अनुभव प्रसिद्ध आहे. १८८५ साली मेटी लोकांच्या उठावामुळे गाड्या-घोडे लष्करी वाहतुकीस गेले, काही जमीन पेरता आली नाही आणि उन्हाळाभर तशीच मशागत करून पड टाकावी लागली. पुढील वर्ष कोरडे गेले. इतरांची पिके करपली, पण या पड टाकलेल्या जमिनीत गहू उभा राहिला, कारण तीत मागल्या वर्षाची ओल साठली होती. सरकारी प्रयोगक्षेत्राचा अधिकारी झाल्यावर मॅकेने या पद्धतीचा पुरस्कार केला आणि ती सर्वत्र पसरली. दुसरा उपाय बियाण्याचा. रेड फाइफ हा चांगल्या प्रतीचा गहू उशिरा तयार होई आणि ऑगस्ट-सप्टेंबरच्या अकाली गारठ्यात त्याचा दाणा गोठे. ओटावा येथे चार्ल्स साँडर्स याने निवडलेला मार्क्विस हा वाण त्याहून सुमारे आठवडाभर आधी पिके. त्याचे जनकबीज एकीकडून रेड फाइफ, आणि दुसरीकडून 'हार्ड रेड कलकत्ता' या नावाने ओळखला जाणारा, हिंदुस्थानातून गेलेला गहू. लवकर पिकण्याचा गुण या हिंदी पूर्वजाकडून आला. प्रेअरीच्या गारठ्यावरील उतारा अशा रीतीने गंगेच्या मुखाकडील बंदराचे नाव घेऊन गेला होता.

१९०१ साली सस्कॅचेवानच्या भागात ९१,२७९ माणसे होती. १९३१ साली ती संख्या ९,२१,७८५ झाली. १९१५ साली तेथे एकरी सुमारे २५ बुशेल गहू पिकला आणि मॅकूनचे म्हणणे खरे ठरल्यासारखे वाटले. परंतु १९१७ पासून आल्बर्टाच्या आग्नेय भागात पाऊस हटला. एकापाठोपाठ एक कोरडी वर्षे आली आणि घरेदारे सोडून लोक निघून जाऊ लागले. हताश मनःस्थितीत माणूस काय करतो याचे एक उदाहरण नोंदण्याजोगे आहे. १९२१ साली मेडिसिन हॅट परिसरातील शेतकऱ्यांच्या संघाने कॅलिफोर्नियातील चार्ल्स हॅटफील्ड या 'पाऊस पाडणाऱ्या'स, इंचामागे ठरावीक रक्कम देण्याच्या करारावर पाचारण केले. चॅपिस सरोवराच्या काठी मनोरे उभारून तो वरच्या पात्रांतून रसायनांची वाफ आकाशात सोडी. त्या हंगामात काही पाऊस झाला, पण पीक तारण्यास तो पुरेसा नव्हता. या लोकांस भोळे म्हणून हसणे सोपे आहे. परंतु ज्या शासनाने व रेल्वेने त्यांना तेथे आणले त्यांनीही आकाशाविषयी याहून फार भक्कम पुरावा हाती घेऊन ते केले नव्हते.

पुढील दशकात संपूर्ण त्रिकोण होरपळला. १९२९ पासून अवर्षण व बाजारातील मंदी एकदमच आली. मॅकेने सुचविलेली पड पद्धती आता शत्रू बनली, कारण बारीक भुगा झालेली उघडी माती वाऱ्याबरोबर उडू लागली आणि धुळीच्या वादळांत भरदुपारी दिवे लावावे लागले. १९३७ हे वर्ष सर्वांत वाईट गेले. ५ जुलै रोजी यलो ग्रास या गावी ४५ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले, आणि सस्कॅचेवानात गव्हाचे सरासरी उत्पन्न एकरी तीन बुशेलांच्याही खाली उतरले. पेरलेले बी भरून निघण्यापलीकडे त्यात फारसे काही उरत नाही. १९४१ च्या जनगणनेत त्या प्रांताची लोकसंख्या ८,९५,९९२ पर्यंत घटलेली दिसते. १९३५ साली संसदेने प्रेअरी शेतीच्या पुनर्वसनाचा कायदा केला. त्याखाली शेततळी खोदली गेली, आणि नांगरू नये अशा जमिनी परत गवताखाली आणून त्यांची सामुदायिक कुरणे करण्यात आली. पॅलिसरचे म्हणणे पंचाहत्तर वर्षांनी, आणि तेही त्रिकोणाच्या काही भागापुरते, शासनाने मान्य केले असा याचा अर्थ होतो.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. दोन्ही साक्षी खऱ्या कशा? पहिले उत्तर झाडांनी दिले. कोरड्या वर्षी वृक्षाच्या खोडातील वलय अरुंद राहते. जुन्या खोडांची वलये मोजून वेधशाळांच्या आधीचा पर्जन्येतिहास रचता येतो. त्यावरून उत्तर अमेरिकेच्या मैदानावर १८५६ ते १८६५ हे दशक दीर्घ अवर्षणाचे होते असे दिसून आले आहे. पॅलिसर नेमका त्या दशकात तेथे होता. अठराव्या शतकाच्या अखेरीस तर याहूनही प्रदीर्घ अवर्षण पडून त्रिकोणातील वाळूच्या टेकड्या सरकू लागल्या होत्या. म्हणजे १९३० नंतरची आपत्ती अपूर्व नव्हती. तिच्या आधीच्या आपत्ती पाहण्यास तेथे शेतकरी नव्हता, इतकेच.

दुसरे उत्तर अधिक दूरवरून आले, आणि त्याचा एक धागा आपल्या देशातील आहे. १८७६-७८ चा दख्खनचा दुष्काळ महाराष्ट्राच्या स्मरणात आहे. १८७७ साली पावसाळा फसला तेव्हा हिंदुस्थानच्या हवामानखात्याचा प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड याला आशियाच्या फार मोठ्या भागावर वायुभार नेहमीपेक्षा अधिक असल्याचे आढळले होते. त्याच वर्षीचा हिवाळा प्रेअरीला लागून असलेल्या मिनेसोटात इतका उबदार गेला, की 'हिवाळ्याविना वर्ष' म्हणून तो ओळखला जातो. या दोन घटनांचा काही संबंध असेल अशी कल्पनाही त्या वेळी करणे शक्य नव्हते. १९०४ साली त्या खात्याची सूत्रे गिल्बर्ट वॉकर या गणितज्ञाकडे आली. मोसमी पावसाचा अंदाज आधी बांधता यावा म्हणून त्याने जगभरच्या वेधशाळांचे आकडे मागवून लेखनिकांकडून त्यांचे सहसंबंध काढविले. पॅसिफिकवर वायुभार चढला की हिंदी महासागराकडे तो उतरतो, आणि उलट. या झोक्यास त्याने १९२४ साली 'दक्षिणी आंदोलन' हे नाव दिले. निवृत्तीनंतर १९३२ साली ब्लिस याच्या सहकार्याने त्याने या आंदोलनाचे हिवाळ्यापुरते जे सूत्र मांडले, त्यात डार्विन, मनिला व सामोआ येथील वायुभाराच्या जोडीला नैर्ऋत्य कॅनडाच्या तापमानाचेही पद आहे, आणि ते ऋण चिन्हाने आहे. मोसमी पावसाच्या शोधात निघालेला गणिती असा रॉकी पर्वताच्या छायेत जाऊन पोहोचला.

वॉकरपाशी आकडे होते, कारणमीमांसा नव्हती. त्यामुळे समकालीनांपैकी अनेकांना हे संबंध योगायोगाचे वाटले. १९६९ साली याकोब ब्यर्कनेस याने विषुववृत्तीय पॅसिफिकच्या पाण्याच्या तापमानाशी या झोक्याची सांगड घातली. पाणी तापले (एल निन्यो) की उत्तर पॅसिफिकवरील वाऱ्यांचे वळण बदलते आणि प्रेअरीचा हिवाळा सौम्य जातो. निवले (ला निन्या) की थंडी वाढते. दख्खनचा दुष्काळ आणि मिनेसोटाचा उबदार हिवाळा एकाच प्रबळ एल निन्योच्या काळातील होत. २००४ साली झालेल्या संगणकीय अभ्यासात असे निष्पन्न झाले, की १९३० नंतरच्या मैदानी अवर्षणामागे विषुववृत्तीय पॅसिफिकचे नेहमीपेक्षा थंड आणि अटलांटिकचे नेहमीपेक्षा उबदार पाणी होते. पुढील अभ्यासात उडालेल्या धुळीनेच अवर्षणाची तीव्रता वाढविल्याचे दाखविण्यात आले. एकोणिसाव्या शतकातील दीर्घ अवर्षणांच्या काळीही पॅसिफिकचे पाणी थंड असल्याची चिन्हे आहेत.

तथापि या ज्ञानाची मर्यादा सांगितली पाहिजे. सागराच्या तापमानावरून प्रेअरीच्या हिवाळ्याचा अंदाज बऱ्यापैकी बांधता येतो. ज्या जूनच्या पावसावर गहू अवलंबून असतो त्याच्याशी हा संबंध दुबळा आहे. उन्हाळी पाऊस पुष्कळसा स्थानिक गडगडाटी ढगांचा असतो, आणि उच्च दाबाची कमान कोणत्या आठवड्यात येऊन बसेल हे महिनोन्‌महिने आधी सांगण्याची विद्या अजून साध्य झालेली नाही. १९२१ च्या शेतकऱ्याने विचारलेला प्रश्न या अर्थाने अद्याप बराचसा अनुत्तरितच आहे. बदल झाला तो जमिनीवर. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत पड टाकण्याची पद्धती झपाट्याने मागे पडली आणि धसकटे तशीच ठेवून, नांगरट न करता पेरण्याची रीत रूढ झाली. मॅकूनला जो घट्ट थर फोडावासा वाटला होता तो न फोडण्यातच आता शहाणपण मानले जाते. २०१२ साली केंद्र शासनाने सामुदायिक कुरणांचा कारभार सोडण्याचे जाहीर केले. २०२१ च्या उन्हाळ्यात त्रिकोणावर पुन्हा तशीच कमान बसली. पॅसिफिकमध्ये त्या वेळी ना एल निन्यो होता, ना ला निन्या. यलो ग्रासचा ८४ वर्षांचा उच्चांक त्या जूनअखेर ब्रिटिश कोलंबियातील लिटन येथे मोडला, आणि कॅनडाचे गव्हाचे उत्पादन आदल्या वर्षाच्या मानाने एक तृतीयांशाहून अधिक घटले. माती मात्र १९३७ सारखी उडाली नाही.